रॅम बदलायला गेलो ती दुपार

जरा जवळ सरकून बस. मोठ्यानं सांगण्यासारखं हे नाही.

काम तसं किरकोळ होतं. रक्त तपासणाऱ्या एका लॅबचा सर्व्हर सारखा अडकायचा, रुग्णांचे रिपोर्ट उघडता उघडत नव्हते. जुनी रॅम काढून मदरबोर्डवर मोठी रॅम बसवायची, एवढंच. रविवारी लॅब बंद असते, म्हणून दुपारी जेवून मी आणि माझी नणंद निघालो. तिला सगळे धाकटी म्हणतात. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आमचं दोघींचं. पण त्या दिवसांत माझं तिच्यावर बारीक लक्ष होतं. आधीच्या एका कामात रॅमची एक नवी पट्टी गायब झाली होती. मी काही बोलले नव्हते, पण मनात सलत होतं.

मॅनेजरनं तळघरातली खोली उघडून दिली. आत हाडं गोठवणारा गारठा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास. जाताना त्यानं विचारलं, "दोघीच आहात ना?" मी हो म्हटलं. तरी तो माझ्या खांद्यावरून आत बघत राहिला, मग जिना चढून गेला. मला तो माणूस तेव्हाच खटकला.

सर्व्हर बंद केला, वायरी सोडवल्या, रॅकमधून पुढे ओढून झाकण काढलं. धाकटी रॅकच्या मागे वायरींवर खुणा करत बसली. शेजारच्या मशीनचे पंखे असे घोंघावत होते की पलीकडचं बोलणं ऐकू येऊ नये. अंगावरची स्थिर वीज लागून रॅम जळू नये म्हणून मी मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला आणि बोर्डवर वाकले. जुन्या पट्ट्या काढल्या, नव्या बसवायला घेतल्या. पट्टी खाचेत सरळ धरायची, दोन्ही अंगठ्यांनी दाबायची. दोन्हीकडचे चिमटे टक्‌टक् मिटले, की बसली.

पुढच्या पट्टीसाठी हात मागे केला, तर ट्रेमध्ये एक कमी!

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आज हिला रंगेहात धरायचंच. हाक मारून तिला पुढे बोलावलं. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला सगळं कळलं असावं. तिनं खिसे बाहेर काढून दाखवले, पिशवी जमिनीवर पालथी केली. तेवढ्यात माझी नजर बोर्डवर गेली. हरवलेली पट्टी पार पलीकडच्या खाचेत बसलेली होती. बरोबर जागी, चिमटे मिटलेले. मीच बसवली असेल, असं काहीतरी मी पुटपुटले. पण तिथवर मी पोचलेच नव्हते. धाकटी भरल्या डोळ्यांनी पुन्हा मागे गेली.

मी परत वाकले. थोड्या वेळानं मानेवर गार श्वास जाणवला. बाजूनं एक हात आला आणि त्यानं माझ्या तळव्यावर पट्टी ठेवली. मला बरं वाटलं. राग विसरून मदतीला आली बिचारी. मान वर न करताच मी म्हटलं, "चुकलं गं माझं."

"असू दे..." अगदी कानाशी आवाज आला. आवाज तिचाच.

तो हात देत राहिला, मी बसवत राहिले. शेवटचा चिमटा मिटला, मी डोकं वर केलं, आणि रॅकच्या फटीतून मला धाकटी दिसली. पलीकडे, भिंतीशी, पाठमोरी बसून ओढणीनं डोळे पुसत होती.

मी मागे वळून पाहिलं नाही.

कशाबशा वायरी जोडून बटण दाबलं. स्क्रीन किती तरी वेळ काळाच राहिला. मग सगळी रॅम दिसली, एकही पट्टी नाकारलेली नव्हती. मी सर्व्हर आत ढकलला, "चल" म्हणून धाकटीचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच तिला वर आणलं. हात बर्फासारखा होता. खोलीच तशी गार होती म्हणा.

गाडी मी चालवत होते. मोठ्या रस्त्याला लागलो आणि मॅनेजरचा फोन आला. दबक्या आवाजात म्हणाला, काम चोख झालंय, पण खोलीचं दार आतून लागलंय आणि तुमच्या नणंदबाई हाका मारताहेत, त्यांना ते उघडता येत नाहीये. मी शेजारी पाहिलं. धाकटी समोर रस्त्याकडे बघत शांत बसली होती. ती माझ्यासोबत आहे, मी म्हटलं. बहुतेक त्यानं फोन दाराला लावला. पंख्यांची घरघर आली, दारावरच्या थापा आल्या, आणि मग...

"वहिनी... तू मला इथंच सोडून गेलीस?"

सासरी मला अगं-तुगं करणारी ती एकटीच.

मी फोन बंद केला. पाय ब्रेकवर नेला, पण तो दाबवेना.

"कुणाचा फोन होता, वहिनी?" शेजारून आवाज आला. मी म्हटलं, कुणाचा नाही.

"मग थांबू नका," ती म्हणाली. "तुम्ही चला."