बॅनरने ऐकलेलं गाणं

कंपवाचनाचा कायदा २०४९ साली झाला आणि त्या वर्षी लोकांनी माळ्यावरच्या जुन्या चित्रफिती शोधून शोधून जाळल्या. ज्या फितीत आवाजच नाही तिच्यापासून कसला धोका, असं इतकी वर्षं सगळे धरून चालले होते. ते आता खरं राहिलं नव्हतं.

मैथिली हस्तकने मात्र संमतीपत्रावर आपणहून सही केली. ती चौसष्ट वर्षांची होती. तिचे वडील, विलास हस्तक, तरुणपणी नागपुरात ‘लोहापूल’ नावाच्या रॉक बँडमध्ये गायचे. फेब्रुवारी १९८७ मध्ये एका कॉलेजच्या मैदानावर त्यांचा कार्यक्रम चालू असताना स्टेजसमोरचं बांबूचं कुंपण मोडलं आणि आठ मुलं चेंगरून मेली. माणसं खाली पडली होती तरी बँडने गाणं पूर्ण केलं. चौकशीत विलासने सांगितलं, दिवे डोळ्यांवर होते, पुढचं काही दिसलं नाही. समितीने ते मानलं, गावाने मानलं नाही. विलासने नागपूर सोडलं, अमरावतीत चष्म्याचं दुकान काढलं आणि तीस वर्षांपूर्वी तो वारला. त्या कार्यक्रमानंतर तो कधी गायला नाही. घरात साधं गुणगुणलाही नाही. आपल्या बापाचा गाता आवाज मैथिलीने एकदाही ऐकलेला नव्हता.

कंपवाचनासाठी अर्ज तिचा नव्हता. तो होता प्रतिभा रामटेके यांचा. मेलेल्या आठांपैकी शैलेश हा त्यांचा थोरला भाऊ. तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. ज्याचा आवाज वाचायचा तो माणूस जाऊन पन्नास वर्षं झाली नसतील, तर कायद्याने वारसाची संमती लागते. वाचलेलं वारसाने आधी ऐकायचं, आणि वाटलं तर कायमचं मोहोरबंद करायचं, अशीही सोय होती. मैथिलीला त्या सोयीची गरज वाटली नव्हती. वडील खरं बोलले होते हे एकदाचं सिद्ध होईल, अशी तिची खात्री होती.

चित्रफितींच्या संग्रहालयातल्या डॉ. सायरा तांबोळी यांनी तिला आधी त्या कार्यक्रमाची फीत दाखवली. मैथिलीने विचारलं, की कार्यक्रम गाण्याचा, मग फीत मुकी कशी?

सायराने सांगितलं, की त्या काळी असे कार्यक्रम कोणी गाण्यासाठी जपून ठेवत नसे. परदेशातही पूर्वी ते थिएटरात किंवा टीव्हीवर विकायला चित्रित करत, आणि काम झालं की पुष्कळदा त्याच महागड्या फितीवर दुसरं काहीतरी भरत. इथे तर एका सरबताच्या कंपनीला आपला बॅनर आणि त्यापुढची गर्दी वरिष्ठांना दाखवायची होती. लग्नाचं शूटिंग करणारा एक माणूस त्यांनी कॅमेरा देऊन गच्चीवर उभा केला. आवाज कोणाला नकोच होता, म्हणून त्याने माइक जोडलाच नाही. लोहापूलने स्वतः एक कॅसेट भरली होती, तिच्यावर पुढे कोणाच्या तरी बारशाची गाणी भरली गेली.

“मग आवाज येतो कुठून?”

“बॅनरमधून,” सायरा म्हणाली. “आवाज म्हणजे हवेचा धक्का. कापड त्या धक्क्याने थरथरतं, केसाच्या जाडीहूनही कमी. आणि हा जुना कॅमेरा अख्खं चित्र एकदम घेत नाही, ओळीओळीने घेतो, वरून खाली. सेकंदाला पंधरा हजारांवर ओळी. प्रत्येक ओळ वेगळ्या क्षणाची. कुठल्या ओळीत बॅनर किती सरकला ते आमचं यंत्र मोजतं. ते सरकणं मांडलं की आवाज उभा राहतो. त्यालाच आम्ही कंपवाचन म्हणतो.”

बॅनर ड्रमच्या मागे बांधला होता. सायराने आवाज सुरू केला. आधी विहिरीतून यावं तसं घुमणारं काहीतरी आलं, मग त्यातून एक उंच, कोवळा, किंचित खरखरीत आवाज निघाला. बापाचं वय तेव्हा सव्वीस होतं. मैथिली तोंडावर हात धरून ऐकत राहिली.

दुसऱ्या कडव्यानंतर गाणारा थांबला आणि नुसता ड्रम राहिला. पडद्यावर विलास मागे वळून गिटारवाल्याजवळ गेला होता. सायराने ड्रमचे ठोके वजा केले.

“विल्या, कुंपण गेलं. पोरं पडलीत खाली.”

“दिसतंय मला,” बापाचा आवाज म्हणाला. “एवढं गाणं होऊ दे.”

त्यानंतर तो आणखी चार मिनिटं गायला. चांगलं गायला.

सायराने यंत्र बंद केलं आणि मोहोरबंदीचा कागद पुढे सरकवला. मैथिलीने तो वाचला. आपण हे लपवलं तर आपणही चार मिनिटं गात राहिल्यासारखंच होईल, असं काहीसं तिच्या मनात आलं. तिने कागद परत सरकवला. प्रतिभाताईंना बोलवा, एवढंच म्हणाली.

प्रतिभाताई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. त्यांनी ते वाक्य तीनदा ऐकलं. मैथिलीने माफी मागायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी हातानेच तिला थांबवलं. मला हे माहीतच होतं, त्या म्हणाल्या. अर्ज त्यासाठी केला नव्हता. मग त्या सायराकडे वळल्या.

“कुंपणालाही एक बॅनर बांधला होता. तो दिसतोय यात. तिथलं ऐकवा.”

सायराने त्यांना समजावून पाहिलं. तिथे काय असेल ते उघड होतं. पण प्रतिभाताईंना भावाने शेवटी कोणाला हाक मारली एवढं हवं होतं. वाचन करायला नऊ दिवस लागले. गर्दी आणि गाणं वजा केल्यावर कुंपणाजवळ आठ वेगळे आवाज उरले. सायराने ते एकेक करून लावले. बहुतेकांत शब्द नव्हते.

आठही ऐकून झाल्यावर प्रतिभाताईंनी सांगितलं, की शैलेशचा आवाज त्यांना आठवतच नाही. बासष्ट वर्षांत चेहरा फोटोमुळे राहिला, आवाज कशानेच राहिला नाही. त्यांनी सगळे पुन्हा लावायला सांगितले. मैथिली त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

“हा,” प्रतिभाताई अखेर म्हणाल्या. “हा शैलेश.”

तो पाचवा आवाज होता. आठांपैकी सर्वांत लवकर थांबलेला. बाकीचे दोन-तीन मिनिटं चालू होते. हा अकरा सेकंदांत संपला होता. सायराने नोंदवहीत ‘ओळख पटली’ असं लिहिलं आणि मैथिलीने साक्षीदार म्हणून सही केली.

बातमी फुटल्यावर वर्षभरात आणखी पाच कुटुंबं आली. कोणाचा पुतण्या, कोणाची सत्तरीतली बहीण. प्रत्येक वेळी मैथिली येऊन शेजारच्या खुर्चीत बसे आणि शेवटी सही करी. पाचही जणांनी आठही आवाज नीट ऐकले, आणि पाचही जणांनी पाचवाच आपला म्हणून ओळखला.