सी-सातवरून आलेला निरोप

रुचिकाने घाईघाईने एंटर दाबलं आणि निरोप नाहीसा झाला.

चार दिवसांतला हा तिसरा. ती टायपिंगचा धडा गिरवत असायची आणि सव्वाचारच्या सुमारास पडद्याच्या मधोमध एक करडी चौकट उगवायची. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. पहिल्या दिवशी होतं, ‘रुचिका, हिरवा ड्रेस छान आहे. मागे पाहू नको.’ दुसऱ्यांदा, ‘नीलेश आमराईत एकटाच जातो.’ आणि आज, ‘बाबांच्या गोदामाची किल्ली परवा दप्तरात घालून आण. कोणाला सांगितलंस तर नीलेश घरी येणार नाही.’

नीलेश तिचा धाकटा भाऊ. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो दुपारभर नदीकाठच्या आमराईत कैऱ्या पाडत हिंडायचा. बाबा, म्हणजे रूपराव, सेलूतल्या एका व्यापाऱ्याचं बियाण्याचं गोदाम सांभाळायचे. मे महिना होता, पेरणी तोंडावर आलेली आणि गोदाम कपाशीच्या बियाण्याने छतापर्यंत भरलेलं. किल्ली घरी देवळीजवळच्या खिळ्याला लटकत असायची. हे सगळं निरोप पाठवणाऱ्याला ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी तिने महादेवरावांना सांगितलं होतं. कॉम्प्युटर क्लास त्यांचा. ते येईपर्यंत तिने भीतीने एंटर दाबलेलं, त्यामुळे पडद्यावर काहीच उरलं नव्हतं. महादेवराव हसले. व्हायरस असेल म्हणाले आणि पंख्याचा वेग वाढवून निघून गेले. घरी आईजवळ ती दोनदा बोलायला गेली, पण समोर जेवत बसलेल्या नीलेशकडे पाहून भलतंच काहीतरी विचारून परत आली.

शेवटी कळलं ते नागसेनला, तेही तिने न सांगता. तो तिच्याच वर्गातला. क्लासमध्ये शेजारच्या मशीनवर बसायचा. ती पडद्याकडे पाहून दचकते आणि घाईने एंटर दाबते, हे त्याने पाहिलं होतं. क्लास सुटल्यावर दोघं सायकली हातात धरून चालत निघाली, तेव्हा त्याने नेट लावून विचारलं आणि तिने रडत रडत सगळं सांगून टाकलं.

नागसेनने सायकल झाडाला टेकवली. मग त्याने वही काढली. क्लासमध्ये शिकवणाऱ्या धीरज सरांनी कीबोर्डच्या शॉर्टकटची यादी दिली होती, त्यातली एक ओळ ‘हे सोडून द्या’ म्हणून वगळली होती. वगळलेलं नेमकं काय आहे ते पाहायची नागसेनला खोड. ऑल्ट धरून प्रिंट स्क्रीनचं बटण दाबलं की काहीच झाल्यासारखं वाटत नाही. पण नंतर पेंट उघडून कंट्रोल आणि व्ही दाबलं, की समोरच्या चौकटीचा जसाच्या तसा फोटो तिथे उमटतो. त्याने करून पाहिलं होतं.

“पुढच्या बारीले एंटर दाबू नको,” तो म्हणाला. “आधी फोटो घे. मंग कोणी व्हायरस म्हणणार नाई.”

“अन् तो पाहत असला तर?”

“पेंट आधीच उघडून ठेव,” नागसेन म्हणाला. फोटो साठवायला त्याने आपली कोरी फ्लॉपी तिला दिली.

दुसऱ्या दिवशी रुचिका पेंट आधीच उघडून बसली. घड्याळात चार सतरा झाले आणि चौकट आली. ‘उद्या किल्ली. दप्तर बाहेर चपलांच्या कपाटात ठेव.’ तिचं बोट सवयीने एंटरकडे गेलं. तिने ते मागे ओढलं. ऑल्ट, प्रिंट स्क्रीन. खरंच काही झालं नाही. नाही तर नाही, असं म्हणत ती पेंटकडे वळली.

तेवढ्यात वीज गेली.

पंखे थांबले. टेबलाखालचे यूपीएस एकसुरात टूं टूं करायला लागले. हातात दोनेक मिनिटं होती. चित्र अजून फक्त मशीनच्या आठवणीत होतं. मशीन बंद पडलं की तेही गेलं. रुचिकाने कंट्रोल आणि व्ही दाबलं. करडी चौकट पेंटमध्ये उमटली, एकूणएक अक्षर जागेवर. तिने फ्लॉपी सरकवली आणि सेव्ह केलं. फ्लॉपी घरघरायला लागली, आणि त्या शांत खोलीत तो आवाज तिला गिरणीएवढा मोठा वाटला.

मागून पावलं आली. धीरज सर होते. सगळ्यांनी मशीन बंद करा, असं सांगत ते रांगेतून येत होते. त्यांना पाहून तिला इतकं हायसं वाटलं, की सगळं त्यांनाच सांगून टाकावं असं क्षणभर मनात आलं. ते प्रेमाने बोलायचे, कोणावर कधी ओरडायचे नाहीत. पण नागसेनने शेजारून तिच्या पायाला पाय लावला आणि तिने चटकन दोन्ही चौकटी मिटल्या.

“काय सेव्ह करून राह्यली?” सर वाकून म्हणाले.

“चित्र आहे सर. घराचं.”

“दाखव बरं.”

फ्लॉपीचा हिरवा दिवा विझला. पाठोपाठ पडदाही काळा झाला. यूपीएस संपला होता.

फ्लॉपी घेऊन दोघांनी सायकली हाणल्या त्या थेट पंचायत समितीच्या कार्यालयाकडे. नागसेनची माधवीमावशी तिथे कॉम्प्युटर ऑपरेटर होती. तिथली वीज शाबूत होती. मावशीने फ्लॉपी लावली, चित्र उघडलं आणि रुचिकाला विचारलं, वरची ओळ वाचलीस का? रुचिकाने मान हलवली. धमकी दिसली की तिला पुढचं-मागचं काही दिसायचंच नाही. वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: सी-सातकडून सी-चारला, तारीख बारा, चार वाजून सतरा मिनिटं.

क्लासमधली मशीनं एकमेकांना तारेने जोडलेली होती आणि सी-चार म्हणजे रुचिकाचं मशीन. पण क्लासमध्ये मशीनं सहाच होती.

मावशीने कागदावर छापून घेतलं आणि दोघांना घेऊन गोदामावर गेली. रूपरावांनी कागद वाचला, गोदामाला कुलूप लावलं आणि सगळे महादेवरावांकडे गेले. महादेवरावांचा चेहरा उतरला. सी-सात दिवाळीपासून नादुरुस्त म्हणून मागच्या खोलीत झाकून ठेवलंय, असं ते म्हणाले. खोलीची चावी त्यांच्याकडे आणि धीरजकडे. पण धीरज असं करणार नाही, याची त्यांना खात्री होती.

“पहिल्या दिवशी व्हायरसचीबी खात्रीच होती तुमाले,” माधवीमावशी म्हणाली. “उद्या सोता पाहा.”

त्यासाठी रुचिकाला पुन्हा सी-चारवर बसावं लागणार होतं. नको असेल तर नको, असं बाबा म्हणाले. पण बसली ती. नीलेश घरी आईजवळ होता आणि मोठी माणसं बाहेर कूलरच्या आडोशाला. ठरल्या वेळी चौकट आली. ‘आणली का? हो असेल तर पाणी प्यायला उठ.’

तिने आधी ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबलं. फोटो पेंटमध्ये उतरवून सेव्ह केला. मगच ती उठली. दहा पावलं चालून ती माठापर्यंत गेली. ती उठलेली दिसताच महादेवराव आत आले आणि त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं.

दारातल्या फटीतून हॉल दिसेल अशा बेताने ठेवलेल्या सी-सातपुढे धीरज सर बसले होते. मशीनवरचं कापड त्यांच्या मांडीवर होतं आणि पडद्यावर अर्धवट टाईप केलेलं एक नाव: नीलेश.

पोलिसांना त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळं सांगितलं. किल्लीचा ठसा घेऊन ती परत दप्तरात ठेवायची, आणि दोन साथीदारांच्या गाडीतून बियाणं न्यायचं, असं ठरलं होतं. फौजदारांनी दोन्ही फोटोंच्या छापील कागदांवर रुचिका आणि नागसेनच्या सह्या घेतल्या. एवढा पक्का पुरावा मोठी माणसंही आणत नाहीत, असं ते म्हणाले. महादेवरावांनी क्लासमधल्या सगळ्या मुलांसमोर रुचिकाची माफी मागितली.

घरी जाताना रूपराव सायकलवर बसलेच नाहीत. रुचिकाच्या बरोबरीने चालत राहिले.

“चार दिस एकटीनं सोसलं तू हे,” ते म्हणाले. “भेवापायी किल्ली देली असती, तरी म्या काही म्हटलं नसतं.”

“मले मालूम होतं बाबा.”

“मंग काऊन नाई देली?”

“तिथं बसली का लय भेव वाटे,” ती म्हणाली. “पण एकडाव फोटो निघाला ना, मंग भेवाची पाळी त्याची होती.”