चौथ्या पानावरची ओल

चैत्राअखेर अमळनेरला मैद्याची खळ पावणेदोन तासांत वाळते. मी घड्याळ लावून पाहिले होते. अल्बमात बारा फोटो चिकटवले, अकरा वाळले. चौथ्या पानावरचा दादाचा फोटो तीन दिवसांनीही ओला होता.

अल्बम आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वहिनीला द्यायचा होता. तिनेच मागितला होता. "ते येतीन तवय दाखाडसू," म्हणाली होती.

दादा फौजेत कारकून होता. बोटीने गेला त्याला दोन वर्षे झाली. गेल्या पौषात सरकारी पत्र आले. घरात इंग्रजी मला एकटीलाच येते. बोट बुडाली, कोणी वाचले नाही, असे त्यात होते. समोर वहिनी कुंकू लावून बसलेली. मी वाचले: बदली झाली, काही दिवस टपाल येणार नाही. खरे उद्या सांगू म्हटले. चार महिने झाले.

"इतकी शिकनी, पन खळ बनाडता येस नही," माय म्हणाली. वहिनी खुदकन हसली.

मी खळ नवी केली. पुठ्ठा बदलला. तोही भिजला.

मग शाळेच्या प्रयोगशाळेतून सिल्व्हर नायट्रेट आणले. टिपकागदाने ओल टिपली, शुद्ध पाण्यात उतरवली, दोन थेंब सोडले. फोटोत तो धुतानाचा हायपो राहिला असता, तर द्रावण काळपट झाले असते. दह्यासारखा पांढरा साका बसला.

मीठ.

माझ्या हाताचा घाम असेल, म्हणून चिमट्याने पुन्हा केले. पुन्हा साका. कोऱ्या पुठ्ठ्याची ओल घेतली; काही नाही.

आखाजीच्या सकाळी अल्बम उघडला. समोरच्या पानावर वहिनीचा उभा फोटो होता. आदल्या दिवशी तिच्या घोट्यांपाशी ओलीची आडवी रेघ होती. मी पट्टी लावली. रेघ कमरेवर आली होती.

अल्बम मिटला. पुन्हा उघडला.

छातीवर.

आत वहिनी खोकत होती.

"काय व्हयनं?" मी विचारले.

"काही नही, ताई. आज पानी खारं लागस."

माठातले पाणी मी चाखले. गोडे होते.

वहिनी पुन्हा खोकली. या वेळी बराच वेळ.

अंगणात माय माझ्या वडिलांच्या, आबांच्या नावाची घागर भरत होती. गेलेल्या माणसाची तहान आखाजीला भागवतात. घागरीवर तिने लोटी ठेवली, लोटीवर खरबूज. मग हात जोडले.

मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"माय," मी म्हणाले, "आखो एक घागर भर. दादाना नावनी."