कॅसेटचा स्क्रू

पूजा सोनवणे आली ती रडवेली होऊनच. चोऱ्या शोधून देणाऱ्या उषाताईंनी तिला आधी पाणी दिलं. त्यांचा मदतनीस केदार वही उघडून बसला. गणिताची मास्तरकी सोडून आलेला असला तरी दोन अन् दोन चार करायला त्याला ताईच लागत.

प्रकरण होतं व्हिडिओ गेमच्या एका जुन्या कॅसेटचं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी गलोंड्याच्या एका कंपनीनं अशा पन्नासेक कॅसेट काढल्या आणि बंद पडली. पूजाची आई तिथं जोडणीला होती. स्क्रू आवळला की त्यावर ती नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायची, म्हणजे कुणी उघडली तर कळावं. एक कॅसेट घरी राहिली. पूजा दोन वर्षांची असताना आई गेली.

पुण्याचे संग्राहक अभिजीत गोखले न उघडलेल्या कॅसेटचे दीड लाख देणार होते. पूजाला नर्सिंगला जायचं होतं आणि फी भरायची मुदत उद्याची होती. आज सकाळी गोखले आले, तर ठिपक्याचा स्क्रू गायब, त्या जागी पितळी स्क्रू. आतला माल बदलला असेल म्हणून ते मागे सरले.

पूजाचा संशय झुंबरवर होता. काल संध्याकाळी त्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तिनं कॅसेटचे फोटो काढून घेतले होते. फोटोत ठिपका स्पष्ट होता आणि तिथून ती थेट घरी आली होती.

ताई दुकानात गेल्या तेव्हा झुंबरनं स्क्रूंनी भरलेली डबी त्यांच्यापुढे ठेवली. "मला बदलायचाच असता तर जुळणारा नसता घातला?"

अथालला पूजाच्या घरी गोखले ताटकळत बसले होते. सकाळी कॅसेटला त्यांनी हात लावला होता तो सगळ्यांदेखत. उकडत होतं म्हणून केदारनं पंखा लावायला बटण दाबलं, तर अख्खी पट्टी बोटाबरोबर हलली. पूजाचे वडील वाल्मिक म्हणाले, "जरा हळू. ढिला झालाय बोर्ड."

ताईंनी गोखल्यांकडून कॅसेट उघडवली. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि आतलं सगळं अस्सल असल्याचं कबूल केलं.

"म्हणजे चोरीच झाली नाही," केदार म्हणाला.

"झाली. चोरानं दीड लाखाचा माल ठेवला आणि दोन पैशांचा स्क्रू नेला," ताई म्हणाल्या. "गोखल्यांना ठिपक्यासकट कॅसेट हवी होती, तो स्क्रू ते कशाला काढतील? कॅसेट झुंबरकडून निघाली तेव्हा ठिपका जागेवर होता. पूजा स्वतःचाच सौदा मोडणार नाही. आणि हा पितळी स्क्रू बटणांच्या पट्टीचा आहे. केदार, पट्टी हलली ती तुझ्याच बोटाखाली."

वाल्मिकनं खिशातून कागदाची पुडी काढली. स्क्रूवर लाल रंगाचा टवका उरला होता.

"तिच्या हातचं येवढंच राह्यलंय घरात," वाल्मिक म्हणाले. "लुगडी वाटून टाकली. वाटलं, इकायच्या आधी येवढं काढून घ्यावं. त्यानं भाव पडंल हे मले काय ठाऊक."

"पप्पा, मला सांगितलं असतं तर मी विकलीच नसती."

"म्हनूनच नाही सांगितलं."

गोखले खाकरले. रंग उडाला असला तरी तोच स्क्रू मिळाला तर लाख देईन, नाहीतर चाळीस हजार, असं ते म्हणाले. वाल्मिकनं लगेच पुडी पुढे केली. केदारला खाली बघावंसं वाटलं.

पूजानं वडिलांची मूठ मिटवली. "चाळीस द्या, काका. पहिला हप्ता भरते, पुढचं पुढे बघू."

सौदा आटोपला. आईचं नाव त्या घरात सतरा वर्षांत कुणी काढलं नव्हतं, म्हणून पूजानं जरा चाचरतच विचारलं, "कशी होती ती?"

वाल्मिकनं पुडी जपून खिशात ठेवली. मग म्हणाले, "डावखुरी. तू पयल्यांदा पेन्शील धरलीस ना, तवा मी भायेर जाऊन रडलो व्हतो."

पूजा आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली.