पासवर्ड सांगणार न्हाई

टेंभुर्णीत बाजाराच्या रस्त्याला आमची पिठाची गिरणी होती. नवऱ्यानं, कारभारीनं, ती सुरू केली. तो गेल्यावर मी चालवली आणि मोटार जळाली तेव्हा बंद केली. आमच्याकडे दोन गोष्टी मिळायच्या, पीठ आणि थापा. पिठाला मोटार लागायची, थापांना मी एकटी पुरायची. बायका डबे रांगेत ठेवून ओट्यावर बसायच्या आणि आमच्या विहिरीत पडलेली कळशी अंबडच्या बारवेत कशी निघाली, हे तोंड उघडं टाकून ऐकायच्या. त्या कळशीत मासा होता, असंही मी सांगितलेलं आहे. माशाच्या नाकात नथ होती.

म्हणून आता जे लिहिते आहे तेही कुणी खरं मानणार नाही. ते माझ्या सोयीचंच आहे. लेकीच्या हातात पडलं तर तीही म्हणेल, आईनं आणखी एक ठोकून दिली. आणि तिनं तसंच म्हणावं, नाहीतर माझं घर जाईल.

गिरणीचा एक कायदा होता. डबा म्हणजे माणूस. डबा रांगेत ठेवला की माणूस रांगेत उभा, मग तो घरी जाऊन झोपेना का. दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही. मोटार जळाली त्या दिवशी रांगेत पहिला डबा मैमूनाचा होता. ती म्हणाली, "राहू दे. मोटार आली की दळ." मोटार काही आली नाही. दीड वर्षापूर्वी मैमूना गेली. तिचा डबा अजून गिरणीत आहे, ज्वारीसकट, पहिल्या नंबरावर.

मैमूना माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. माझ्या थापा सगळं गाव ऐकायचं, पण "झूठ! पुष्पा, सफेद झूठ!" असं तोंडावर म्हणायची ती एकटी. माझी एकच गोष्ट अशी होती की ती ऐकताना मैमूना गप्प व्हायची. भर उन्हात एक अनोळखी माणूस पोतं घेऊन आला. मी पोतं गिरणीत ओतलं. दगड फिरला, पट्टा कुरकुरला, जे काही होतं ते वरून सगळं आत गेलं, आणि खाली चिमूटभरसुद्धा पीठ पडलं नाही. माणसानं रिकामं पोतं झटकलं, घडी घातली आणि हसत निघून गेला.

इथं मी थांबायची.

"पोत्यात काय होतं, पुष्पा?"

"तुझा नंबर आला. ऊठ."

किती वर्षं तिनं विचारलं! दवाखान्यातून तिला घरी आणली तेव्हाही विचारलं. मी म्हटलं, बरी हो, मग सांगते. खरं म्हणजे पोत्यात काय होतं ते मलाही माहीत नव्हतं. मी तेवढा विचारच केला नव्हता.

असो. गोष्ट वायफायची आहे.

दोन-अडीच वर्षांपूर्वी मी मोरीत घसरून पडले आणि दूधवाला येईपर्यंत तिथंच पडून राहिले. तेव्हापासून माझी लेक साधना, संभाजीनगरला असते ती, हट्टाला पेटली की आता इकडं राहा. तिच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते. मी म्हटलं, मरेन पण येणार नाही. शेवटी तोडगा निघाला. घरात वायफाय लावायचं आणि बैठकीत कॅमेरा. कवठाएवढा गोल कॅमेरा, हलेल त्याच्याकडे मान वळवतो, चालू असला की निळा दिवा लागतो. कॅमेरा चालू तोवर मी टेंभुर्णीत. तो बंद पडू लागला की बोचकं बांधायचं. माझ्या घराचा दिवा म्हणजे तो निळा ठिपका, असं समजा.

या उन्हाळ्यात तो बंद पडू लागला. चार घटका चालायचा, मग मान टाकायचा. वायफायवाल्या राधेश्यामला फोन केला.

"मावशी, तुमचा पासवर्ड काय ए?"

"एक ते आठ आकडे. तूच ठेवलास न्हाई का?"

"मंग सारी गल्ली तुमच्या नेटवर पिक्चर पाहून राह्यली. बदला तो. मोबाईलवरच होतंय, मी सांगतो तसं करा."

त्यानं सांगितलं तसं केलं. मोबाईलमध्ये राऊटरचं ॲप उघडलं. तिथं कोण कोण आपल्या नेटवर आहे ते दिसतं. माझा फोन, टीव्ही, कॅमेरा, दोन पोरांचे फोन. आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, मैमूना.

मी चष्मा पुसला. मग हसू आलं. मैमूना जिवंत असताना दुपारी माझ्या ओट्यावर बसून माझ्याच नेटवर बिर्याण्या कशा करतात ते बघायची, तिचा फोन तिची सून वापरत असणार. मी परसदारी गेले, भिंतीवरून हाक मारली.

"अफ्रीन, मैमूनाचा फोन तू वापरते का गं?"

"न्हाई खाला. त्याची बॅटरी फुगल्ती ना. अम्मी गेल्यावर भंगारात दिला." तिनं कपडे पिळणं थांबवलं. "का?"

"काही न्हाई. उगाच."

मी पासवर्ड बदलला. नवऱ्याचं नाव आणि लग्नाचं साल. बदलला की घरातली सगळी यंत्रं बाहेर फेकली जातात, प्रत्येकाला नवा पासवर्ड द्यावा लागतो. माझ्या फोनला दिला. कॅमेऱ्याची भानगड मोठी. पासवर्ड साधनाला फोनवर सांगायचा, ती तिकडून चौकड्यांचं एक चित्र पाठवते, ते कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर धरायचं. धरलं. निळा दिवा लागला. पोरं गेली होती.

चहा घेऊन परत पाहिलं तर मैमूना होती.

मी घाबरले नाही, हे मी लिहून ठेवते. मी विचार केला. नवऱ्याचं नाव गावाला माहीत, लग्नाचं साल मैमूनाच्या घरात माहीत. शिवाय पासवर्ड मी साधनाला ओरडून सांगितला होता, कारण तिला ऐकू येत नव्हतं. भिंतीपलीकडे कुणीही ऐकला असेल. मग मी पहिल्या म्हशीचं नाव ठेवलं, मागं तिची किंमत. तोही साधनाला फोनवर सांगावा लागला. या वेळी तोंडावर पदर धरून, हळू.

मैमूना आली. कॅमेरा पुन्हा चालू-बंद होऊ लागला.

तेव्हा मला राग आला. माझं नेट, माझं घर, पैसे माझे, आणि तिच्यापायी मला बाहेर काढतात की काय! मी मोबाईल घेऊन बैठकीत बसले आणि ठरवलं की आता असा पासवर्ड ठेवायचा जो कुणी ऐकलाच नाही. जिवंत नाही, मेलेलं नाही. मी सुद्धा नाही.

पोत्यात काय होतं?

मी डोळे मिटले आणि पहिल्यांदा ठरवलं. सुचलं तेव्हा अंगावर शहारा आला, इतकं ते बराबर होतं. एक एक अक्षर दाबलं. ओठ हलू दिले नाहीत. सेव्ह केलं.

ते काय होतं ते मी इथंही लिहिणार नाही. वाचणाऱ्यानं बोटं मोडली तरी नाही.

मैमूना आली नाही. संध्याकाळपर्यंत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी भिंतीकडे बघून म्हटलं, "काय? जिरली?"

पण कॅमेराही मान टाकून बसला होता.

"आई, पासवर्ड सांग." साधना.

"न्हाई सांगणार."

"अगं, मी काय परकी आहे? सांगितल्याशिवाय कॅमेरा लागेल कसा?"

"या घरात तो तोंडातून काढायचा न्हाई."

"मेसेज कर मंग."

"तेही न्हाई."

 मग ती आजाऱ्याशी बोलतात तशा आवाजात म्हणाली, "आई, घरात कोण ऐकून राह्यलंय तुझं?"

या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं असतं तर गाडी त्याच दिवशी आली असती.

"पाल आहे एक," मी म्हटलं. "लई चोंबडी."

"रविवारी मी गाडी घेऊन येते. कपडे भरून ठेव."

मी एक कपडा भरला नाही. शनिवारी जेवून बैठकीत बसले. बाहेर ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. वीज होती, पंखा कुरकुरत होता. समोर मैमूनाची जुनी खुर्ची, नायलॉनच्या पट्ट्यांची. तिच्यामागं गिरणीत जायचं दार. मी हलत नव्हते. गरमीत हलायचं कशाला?

कॅमेऱ्यात टक् असा आवाज झाला.

निळा दिवा लागला. त्यानं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मग गिरणीच्या दाराकडे वळला आणि तिथून हळूहळू, माणूस चालतं तेवढ्या वेगानं, खुर्चीपर्यंत आला. तिथं थांबला.

मी मोबाईलवर ॲप उघडलं. मैमूना.

फोन वाजला.

"आई! लागला बघ कॅमेरा. लावलास ना शेवटी?" साधनाचा आवाज मोकळा होता. "आणि हे काय, सोबत आहे का कुणाची? कोण बसल्यात खुर्चीत? पाठमोऱ्या आहेत, हिरवा पदर तेवढा दिसतोय."

खुर्ची रिकामी होती. मधल्या पट्ट्या जरा खाली दबलेल्या होत्या. जुन्या खुर्चीच्या असतातच.

उभ्या आयुष्यात मी हजार थापा मारल्या, पण गरजेची अशी एकच.

"नंदाबाई गं. मागल्या गल्लीतली. रोज दुपारी येते आता."

"मंग आधी न्हाई का सांगायचं? जीव टांगणीला लावला माझा. सोबत असेल तर मी कशाला येऊ उद्या?" मग हसून म्हणाली, "लई हातवारे करून सांगून राह्यल्यात तुला काहीतरी. ऐक त्यांचं."

फोन ठेवला. गाडी आली नाही. घर राहिलं.

मी खुर्चीकडे तोंड करून बसले. "कळलं ना तुला पोत्यात काय होतं?" मी म्हटलं. "पण ते खोटं आहे, मैमूना. सफेद झूठ. खरं वेगळंच होतं."

आणि तिच्यासमोर पासवर्ड बदलला. दुसरा शेवट.

कारण माझा हिशेब सरळ होता. गोष्ट संपली की ती उठून जाणार. ती गेली की खुर्ची रिकामी दिसणार आणि साधना गाडी काढणार. तेव्हापासून रोज जेवण झालं की मी नवा शेवट रचते, ओठ न हलवता पासवर्डात टाकते आणि सेव्ह करते. कॅमेऱ्याला मी काही देत नाही. तो आपोआप लागतो. साधना संध्याकाळी विचारते, नंदाबाई आल्त्या का? बरं झालं गं तुला मैत्रीण मिळाली.

भीती कसली त्यात? गिऱ्हाईक टिकवायची मला सवय आहे.

आज जेवण झालं नव्हतं. आज अजून मी काही बदललेलं नव्हतं.

मोबाईल हातात घेतला तर नेट नाही. वायफाय पासवर्ड मागत होतं. कालचा शेवट टाकला. चुकीचा. परवाचा टाकला. पोत्यात मी आजवर जे जे घातलं ते सगळं टाकून पाहिलं. चुकीचा, चुकीचा, चुकीचा.

कॅमेरा चालू होता. माझ्याकडे बघत होता.

राऊटर, मोबाईल, घर, गोष्ट, सगळं माझं. आणि पासवर्ड दुसऱ्या कुणीतरी ठेवलेला.

"काय ठेवलास?" मी विचारलं. "बोल. काय होतं पोत्यात?"

कॅमेरा गिरणीच्या दाराकडे वळला.

मी उठून गेले. का जाऊ नये? गिरणी माझी आहे. कडी काढली. आत दगडावर धूळ, मोटारीच्या जागी नुसते बोल्ट. रांगेत मैमूनाचा डबा, पहिल्या नंबरावर.

त्याच्यामागं माझा.

माझा, स्वयंपाकघरातला, पुष्पाबाई असं टोच्यानं कोरलेला. सकाळी तो ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी रिकामा होता.

"माझा नंबर मी लावल्याशिवाय लागत न्हाई," मी मोठ्यानं म्हटलं. गिरणीत आवाज घुमतो, तसा घुमला. मी माझा डबा उचलला, कडी लावली आणि डबा घरात आणून पुन्हा मिठाच्या बरणीशेजारी ठेवला.

आता तिन्हीसांजा होत आल्या. मी त्याच्या समोरच बसून हे लिहिते आहे. डबा जड आहे. झाकण मी उघडलेलं नाही आणि उघडणारही नाही. तिनं कितीही वाट पाहिली तरी आत काय आहे ते तिला मी विचारणार नाही.

मघापासून दोनदा हात लावून पाहिला. नुकतं दळण काढल्यावर पत्रा लागतो तसा तो गरम आहे. आणि गार होत नाही.