पाणी भरायचं काम

गेले दोन उन्हाळे आमचा पत्र्याचा कूलर गच्चीवर पडून होता. मे महिन्यातल्या एका सकाळी तो खाली उतरवायला मी बंडूला बोलावलं, आणि पुढं जे झालं ते तिथूनच सुरू झालं.

बंडू राजापेठेत पंखे-कूलर दुरुस्त करतो. कूलरच्या तिन्ही बाजूंच्या जाळीदार ताट्यांमधलं जुनं गवत उपसताना तो म्हणाला, "भाऊ, खोलीत एसी असून हे डबडं काहून काढून राहिले?"

"आवाज हवाय मला."

त्यानं पेचकस खाली ठेवला. "लोक मले आवाज बंद कराले बलावतेत."

त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. माझा भाचा कुलदीप, त्याचं लग्न बार्शीटाकळीला होतं. पौर्णिमा, माझी बायको, गेल्यापासून मी कुठल्या कार्याला गेलो नव्हतो. वरातीत बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, "मामाले समोर घ्या रे, मान हाय त्याचा." मानाची जागा म्हणजे डीजेच्या गाडीपुढं, भिंतीएवढ्या स्पीकरपासून हातभर. मानाच्या जागेवरून हलायचं नसतं. मी टाळ्या वाजवत उभा राहिलो, छातीतलं हाडन्‌हाड हललं तरी. वरात संपली, गाडी गेली. डाव्या कानातली शिट्टी मात्र माझ्याबरोबर एसटीत बसून अमरावतीला आली.

बारीक किरकिर मला आधीपासून होती, रातकिडा दूर कुठं ओरडावा तशी. ही शिट्टी वेगळी. चुलीवर विसरलेल्या कुकरसारखी. उतरायचं नावच नाही.

"नस थकली आहे," डॉक्टर वर्षालीताईंनी कान तपासून सांगितलं. "औषध देते, पण किती दिवसांत उतरेल ते सांगत नाही. डीजेपासून लांब राहा. आणि शांततेत बसू नका. पंखा, पाणी, रेडिओ, काहीतरी हळू वाजत ठेवा. तुम्ही लक्ष दिलं नाही की ती कमी होत जाते."

"आमच्या पाहुण्यांसारखी."

"तसंच समजा. आणि कानात तेल घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी."

सांगणारी शेजारीच होती. चंदाबाई कुंपणावरून लसणाच्या तेलाची वाटी घेऊन दोनदा येऊन गेल्या.

अडचण एसीची होती. पौर्णिमाच्या आजारपणात आमच्या सागरनं तो बसवला. इतका गुणी एसी, की चालू आहे की बंद तेच कळत नाही. त्या शांततेत शिट्टीला मोकळं रान मिळालं. मला झोप लागेना. पुण्याहून सागरचा रोज फोन. शेवटी म्हणाला, "रविवारी येतो, बाबा. तोवर झोप लागली नाही तर घराला कुलूप लावू आणि तुम्ही इकडं यायचं." त्याचं चूक नव्हतं. पण या घराला कुलूप घालायचं माझ्या मनात नव्हतं.

म्हणून कूलर.

बंडूनं नवं गवत भरलं, पंप बसवला, बटण दाबलं. कूलर जुन्याच खडखडाटासह सुरू झाला. खोलीभर ओल्या गवताचा वास पसरला. त्या आवाजाखाली शिट्टी हळूहळू बुडाली. मी चक्क हसलो.

"खडखड बसवाले येतो परवा-तेरवा," बंडू म्हणाला.

आमच्या घरात या कूलरची कामं वाटलेली होती. पाणी भरायचं काम माझं. चालू-बंद करायचं आणि खडखडला की थापटायचं काम पौर्णिमाचं. दोन थापा, त्याही एकाच जागी. माझ्या थापेला त्यानं कधी दाद दिली नाही. पलंगावर कूलरकडची डावी बाजू तिची. तिथूनच ती ओरडायची, "अहो, पाणी भरलं का? नुसती वाफ येऊन राहिली."

त्या दुपारी मी टाकी काठोकाठ भरली आणि आडवा झालो.

आमच्याकडची मे महिन्याची दुपार तुम्हाला ठाऊक असेल. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. क्लासची पोरं नाहीत, गाड्या नाहीत, दुकानांवर पडदे सोडलेले. रात्रीला निदान कुत्री भुंकतात. दुपारी काहीच नाही. अर्धवट झोपेत मला खडखड वाढलेली ऐकू आली. मग पत्र्यावर दोन थापा पडल्या. बांगड्यांचा बारीकसा आवाज झाला... आणि खडखड थांबली. बरं झालं, असं मनात म्हणून मी कूस बदलली. डाव्या बाजूची चादर गार लागली.

उठलो तेव्हा चंदाबाई कुंपणापाशी पुठ्ठ्यानं वारा घेत उभ्या होत्या.

"कसे झोपले हो भाऊजी तुमी? जीव गेला आमचा. जेवण झालं तशी लाईन गेली, आत्ता आली."

"आमचा कूलर तर..." मी म्हणालो, आणि आत जाऊन त्याचं बटण बंद केलं.

डॉक्टरांना फोन केला. त्या हसल्या. "होतं असं. रोजचा आवाज बंद झाला तरी डोकं तो ऐकत राहतं. चांगलं लक्षण आहे, शिट्टीऐवजी कूलर ऐकलात." मला ते पटलं. सायंकाळी निश्चिंत मनानं पाइप घेऊन पाणी भरायला गेलो.

टाकी कोरडी होती. पंप तळाशी उघडा पडलेला. खाली फरशीवर ओल नव्हती. ताट्यांमधून मात्र टप... टप... पाणी ठिबकत होतं.

मी पाइप टाकीत सोडला. मग टाकी भरली. भरायलाच हवी होती.

त्यानंतर रोज झोप लागली. शिट्टी उतरत उतरत पुन्हा रातकिड्याएवढी झाली. सागरला म्हणालो, "रविवारी ये, पण न्यायला नको, रस-पोळी खायला ये." त्याला माझा आवाज ऐकूनच हायसं वाटलं असावं. म्हणाला, "पाण्याकडं लक्ष ठेवा, बाबा. सुका पंप जळतो."

"ठेवतो," म्हणालो.

शनिवारी दुपारी बंडू आला. "थे खडखड राहिली होती ना भाऊ."

"बसते ती आपोआप. चहा घे."

त्यानं सवयीनं कूलरपुढं तळहात धरला. "हवा झकास येऊन राहिली." मग हत्यारं ठेवायला वाकला, त्याची नजर भिंतीच्या कडेनं गेली, आणि तो हळूच म्हणाला, "भाऊ... प्लग तं खाली लटकून राहिला."

"हो."

"कवापासून?"

"झाले काही दिवस."

त्यानं हात मागं घेतला आणि पँटला पुसला. बसला नाही. कप घेऊन थेट अंगणात गेला. चांगला माणूस आहे, कप पुरा प्याला. मीही त्याच्यामागून बाहेर आलो आणि नळाचा पाइप उलगडायला लागलो.

आत खडखड सुरू झाली.

"कोन हाय हो आत?" बंडूनं विचारलं.

"कुणी नाही. टाकी तळाला गेली असेल. तेवढं काम माझ्याकडं आहे."

आत पत्र्यावर दोन थापा पडल्या. खडखड थांबली. बंडू माझ्याकडं बघत राहिला. माझे दोन्ही हात पाइपावर होते.