दिव्यापुढचा घोडेस्वार

साधना परतवाड्याच्या सुताराकडे गेली होती ती देवघराचा पाट करून घ्यायला. तिथं कोपऱ्यात धूळ खात पडलेली एक कोरीव फळी तिच्या मनात भरली. घोड्यावर बसलेला माणूस, वर सूर्य आणि चंद्र.

"ज्यानं सांगितली तो न्यायलेच आला नाई," सुतार म्हणाला.

अमरावतीला आणून तिनं ती हौसेनं रंगवली. सूर्य पिवळा, घोडा तांबडा. कुठला तरी देवच असेल, म्हणून भिंतीवर खिळ्याला टांगून रोज तिन्हीसांजेला पुढे दिवाही लावू लागली.

काही दिवसांत घरात ओल्या पाचोळ्याचा वास येऊ लागला. दिवा लागला की फरशीवर टाप वाजल्यासारखं व्हायचं... मग थांबायचं. पाच वर्षांची लेक स्वराली जेवण सोडून भिंतीकडे बघत बसे. तिचा ताप उतरेना, डॉक्टरांना कारण सापडेना.

"घोडेवाले आजोबा घरी जाऊ म्हनतात," ती एकदा हळूच म्हणाली.

"घरीच तर आहोत ना गं?"

"आपल्या नाई... त्यांच्या."

नातीला बघायला वलगावहून सासूबाई आल्या, त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"अवं साधना, हा तं कोरकूंचा मुंडा हाय! मेलेल्या मानसाच्या नावानं कोरतात, गावाबाहेर झाडाखाली रोवतात. तवा तो आपल्या लोकाईत जाऊन मिळते."

"मी तर रोज दिवा लावते, आई..."

"म्हनूनच तं तो जाऊन नाई राहिला! त्याले हेच घर वाटून राहिलं."

सकाळीच सुताराला गाव विचारून तिघींनी जीपनं मेळघाट गाठला. स्वरालीला साधनेनं क्षणभर खाली ठेवलं नाही. फळी कोरायला सांगणारा, मेलेल्याचा म्हातारा भाऊ कामासाठी परमुलखात गेला होता, नुकताच परतला होता. त्यानं फळी छातीशी धरली. मोहाच्या झाडाखाली उभ्या जुन्या मुंड्यांशेजारी ती रोवली, माती चोपली.

"लय दिस पाहुना रायला तुमच्याइथं. आता आला घरी."

तेवढ्यात कडेवरची स्वराली म्हणाली, "आई, भूक लागली. भजे पाहिजे मले."

"घ्या! आमचा जीव इथं टांगनीले, अन् इले भजे!" सासूबाईंनी हसता हसता डोळे पुसले. साधनेनं लेकीच्या कपाळाला हात लावून पाहिला. थंडगार.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा पोर तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती. साधनेनं दिवा लावला.

रिकाम्या खिळ्यापासून दारापर्यंत ओल्या मातीची पावलं उमटली होती. मोठी, अनवाणी. बाहेर जाणारी. तिनं सुटकेचा श्वास सोडला... आणि मग त्यांच्या शेजारची लहान पावलं दिसली.

मोठी उंबरा ओलांडून गेली होती. लहान उंबऱ्यापाशी थांबून परत फिरली होती.

साधनेनं स्वरालीचे मोजे हळूच काढले. तळव्यांना ओली माती होती, मोहाचं एक पान चिकटलेलं.